लाल मुलांची रजा

सकाळी आठच्या सुमाराला थोरलीनं वर्तमानपत्रातली ती बातमी तिसऱ्यांदा वाचली आणि चौथ्यांदा वाचू नये म्हणून पेपर उलटा ठेवला. बातमीत धाकटीचा फोटो होता. धाकटी म्हणजे तिची जाऊ. फोटोत ती एका वर्गात उभी होती, भोवती टॅब हातात घेतलेली मुलं, आणि वर जाड अक्षरांत लिहिलं होतं, ‘यंत्रानं वाचायला शिकवलं’. फोटो इतका छान आला होता की त्यात नाव ठेवायला जागा नव्हती, आणि थोरलीला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला होता.

सासूबाई कात्री घेऊन आल्या. पेपर सुलटा करून त्यांनी बातमी कडेकडेनं कापली.

“चेहरा किती हसरा आलाय बघ,” त्या म्हणाल्या. “तुझा नाही गं कधी असा फोटो आला.”

“माझे आकडे हसरे नसतात आई,” थोरली म्हणाली आणि चहाचा कप घेऊन आपल्या खोलीत गेली.

ही दोन जावांची गोष्ट. दोघींचे नवरे भाऊ-भाऊ, दोघे मिळून चष्म्याचं दुकान चालवत आणि सकाळी साडेआठला घराबाहेर पडत. दोघी जावा मात्र एकाच संस्थेत एकच काम करत होत्या. शाळांमध्ये शिकवण्याची नवी नवी यंत्रं येतात, कधी टीव्ही, कधी संगणक, कधी टॅब. त्यांनी मुलं खरंच काही शिकतात का, हे मोजून सांगायचं, हे ते काम. पद्धत सोपी होती. यंत्र यायच्या आधी मुलांची एक चाचणी घ्यायची, वर्षानं दुसरी घ्यायची, आणि मधला फरक लिहायचा.

थोरली या कामात बावीस वर्षं होती. धाकटीला या कामात तिनंच आणलं होतं. लग्न होऊन आलेली धाकटी तेव्हा गणिताच्या शिकवण्या घेत होती. थोरलीनं तिला आपल्या शेजारी बसवून तक्ते भरायला शिकवले, सरासरी म्हणजे काय आणि ती माणसाला कशी फसवते हे शिकवलं, शाळेत गेल्यावर मुख्याध्यापकांचा चहा नाकारायचा नाही हेही शिकवलं. आणि मग पाहता पाहता धाकटी पुढे निघून गेली. थोरलीचे अहवाल ‘विशेष फरक दिसला नाही’ असे संपायचे आणि फायलीत जाऊन पडायचे. धाकटीचे अहवाल सभागृहात वाचले जायचे. लोक आता थोरलीची ओळख ‘त्यांच्या जाऊबाई’ अशी करून द्यायचे. ते ऐकलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चेहऱ्यावर ती काही दिसू द्यायची नाही, हा तिचा समज होता. घरातल्या सगळ्यांना ते दिसायचं.

त्यात संस्थेच्या साहेबांनी तिच्या जखमेवर मीठ चोळलं होतं. संस्थेची एक जुनी रीत होती. कुठलाही अहवाल छापायला जाण्याआधी दुसऱ्या एका संशोधकानं तो ओळ न् ओळ वाचायचा आणि शेवटच्या पानावर सही करायची. याला ‘दुसरी नजर’ म्हणत. दोन सह्यांशिवाय छपाई नाही. धाकटीच्या या टॅबच्या अहवालाला दुसरी नजर म्हणून साहेबांनी थोरलीलाच नेमलं.

“घरातल्या घरात आहे, पटकन होईल,” ते म्हणाले होते. निकाल तर वर्तमानपत्रांना सांगूनही झाले होते. उद्या अकराच्या बैठकीत सही झालेला अहवाल टेबलावर हवा होता. म्हणून थोरली आज घरी बसून तो वाचणार होती.

ती खोलीत शिरली तर तिच्या खुर्चीत खारू बसलेली.

खारू धाकटीची मुलगी, नऊ वर्षांची. खोडरबर, पेन्सिलींचे तुकडे, बाटल्यांची झाकणं असं काय काय ती गादीखाली साठवायची म्हणून सगळे तिला खारू म्हणायचे. आज तिच्या अंगात गणवेश नव्हता.

“शाळा नाही का गं?”

“रजा आहे.”

तेवढ्यात खांद्याला पिशवी अडकवून धाकटी दारात आली. “तिच्या अंगात जरा कसर आहे ताई. आज, उद्या घरीच राहू दे. तुम्ही आहात ना? त्रास नाही ना होणार?”

“त्रास कसला?” थोरली म्हणाली.

धाकटी गेल्यावर तिनं खारूच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं. आई कामात बुडालेली, मुलगी लाडोबा झालेली, असा निष्कर्ष काढून तिला बरं वाटलं. खारूला तिनं खिडकीशी चित्र काढायला बसवलं आणि अहवाल उघडला.

खरं सांगायचं तर तिनं तो वाचला नाही, तो फोडून काढला. वाण्याच्या तांदळात खडे शोधावेत तशी ती एकेक पान निवडत गेली. भाषा चांगली होती, आलेख नेटके होते. साठ शाळा, तिसरी-चौथीचे वर्ग. टॅबवर मूल वाचायला लागलं की ते किती चुकतं यावरून यंत्र त्याच्या नावासमोर रंग लावायचं: चांगलं वाचणारा हिरवा, मधला पिवळा, मागे पडलेला लाल. लाल कोण हे शिक्षकांना कळावं आणि त्यांनी त्या मुलांपाशी जास्त बसावं, यासाठी ते रंग. वर्षाअखेरीस सरासरी इतकी वाढली होती की थोरलीनं बावीस वर्षांत तशी वाढ पाहिली नव्हती. शेवटी शिफारस होती: यंत्र पुरेसं आहे, तेव्हा दुपारच्या वाचनताईंची गरज उरलेली नाही. वाचनताई म्हणजे मागे पडलेल्या मुलांना दुपारी दोन तास जवळ घेऊन वाचायला शिकवणाऱ्या बाया. प्रत्येक शाळेत एक होती.

साडेदहा वाजले तरी खडा सापडेना. थोरली चिडली. मग सवयीनं तिनं मागची जोडपत्रं काढली, जी कुणी वाचत नाही.

पहिल्या चाचणीला बसलेली मुलं एक हजार आठशे बेचाळीस. शेवटच्या चाचणीला एक हजार तीनशे एक्याण्णव.

चारशे एक्कावन्न मुलं कुठं गेली? खाली बारीक अक्षरांत एक टीप होती. ‘शेवटच्या चाचणीस गैरहजर विद्यार्थी गणनेतून वगळले आहेत.’

थोरलीनं यंत्राची रंगांची यादी काढली आणि पट्टी लावून एकेक नाव जुळवायला घेतलं. दोन तास गेले. चारशे एक्कावन्न गैरहजर मुलांपैकी चारशे सतरा लाल होती. आजारपण काही रंग बघून येत नाही. शाळांनी कच्ची मुलं चाचणीच्या दिवशी घरी बसवली होती आणि उरलेल्यांची सरासरी आपोआप वर चढली होती. कुणी काही शिकलं नव्हतं, फक्त वर्गातली न शिकलेली मुलं कमी झाली होती. आणि ती ओळखायला यंत्राचाच उपयोग झाला होता.

तिच्या पोटात गारेगार वाटलं. किती दिवसांनी असं वाटत होतं! उद्याची बैठक तिला डोळ्यांसमोर दिसली. आपण शांतपणे जोडपत्र उघडतो आहोत, साहेबांचा चेहरा पडतो आहे, आणि धाकटीचा तो हसरा चेहरा... इथं ती थांबून पुन्हा सुरुवातीपासून ते चित्र पाहायची. त्या चारशे सतरा मुलांचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, पण नंतर आला.

दुपारी जेवताना ती इतकी खुशीत होती की सासूबाईंनी विचारलंच, “काय गं, आज स्वारी रंगात?”

“छान आहे अहवाल,” थोरली म्हणाली.

जेवण झाल्यावर तिनं खारूला जवळ घेतलं. “चल, कसर पळाली का बघू. वाचून दाखव थोडं.”

खारूनं पुस्तक घेतलं. शब्दाखाली बोट ठेवून ती एकेक अक्षर उचलत होती. ‘पाऊलवाट’ या शब्दाशी ती बराच वेळ अडली, मग खाली मान घालून म्हणाली, “मोठी आई, मी लाल आहे.”

“काय आहेस?”

“लाल. टॅबवर माझं नाव लाल येतं. आम्ही अकरा जण लाल आहोत. काल बाईंनी आम्हाला मागे उभं केलं आणि म्हणाल्या, लालवाल्यांना दोन दिवस रजा. मोजणारे लोक येणार आहेत.”

“मोजणारे म्हणजे?”

“तुमच्यासारखे.” खारूनं सहज सांगितलं. “गेल्या वर्षीपण होती रजा. तेव्हा मला वाटलं बक्षीस आहे. आता कळतं मला. आम्ही असलो की वर्गाचे मार्क सांडतात.”

खारूची शाळा अहवालातल्या साठांत नव्हती; तिथं टॅब तोच होता, पण चाचणी दुसरे लोक घेत. “आणि वाचनताई? तुझ्या त्या दुपारच्या?”

“त्या गेल्या महिन्यात गेल्या. खोलीला कुलूप आहे. बाई म्हणाल्या, आता टॅब शिकवतो. टॅब नुसता ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतो. कसा करायचा ते सांगत नाही.”

“आईला माहीत आहे ही रजा?”

“आईनंच रजेच्या चिठ्ठीवर सही केली ना!”

थोरलीच्या हातात एवढं मोठं घबाड येईल असं तिला सकाळी कुणी सांगितलं असतं तर तिनं विश्वास ठेवला नसता. गावभर यंत्राचे गोडवे गाणाऱ्या बाईची स्वतःची मुलगी लाल, आणि तिनंच तिला घरी लपवलेलं! पण पोटात आता गार वाटेना. खारू अजून त्याच शब्दावर बोट ठेवून बसली होती, आणि तो शब्द आपण सांगायला हवा हे थोरलीच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

धाकटी संध्याकाळी घरी आली. खारू खाली खेळायला गेली होती. थोरली स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “चारशे सतरा मुलं कुठं आहेत गं?”

धाकटीनं पिशवी खाली ठेवली. “कुठली चारशे सतरा?”

“लाल. तुझ्या शेवटच्या चाचणीला आली नाहीत ती. की सगळ्यांना खारूसारखी कसर होती?”

धाकटीचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. “वा ताई! दिवसभर हेच शोधत बसलात. मला वाटलंच होतं. बरं वाटलं असेल ना आता?”

“बरं वाटायचा काय संबंध? तुला माहीत होतं की नाही, तेवढं सांग.”

“मी विचारलं नाही.”

“का नाही विचारलंस?”

“का?” धाकटी तरातरा बाहेरच्या खोलीत गेली आणि कपाटातून एक जुना, पिवळा पडलेला अहवाल घेऊन आली. तिनं तो चिरलेल्या भाजीशेजारी आपटला. “टीव्हीवरचे धडे. तुमचा पहिला अहवाल. यासाठीच तुम्हाला ते मानपत्र मिळालं ना, बाहेर लावलंय ते? याच्यावरूनच मला शिकवलंत तुम्ही. काढा शेवटची पानं.”

थोरलीनं पानं काढली नाहीत. त्या पानावर काय आहे ते तिला ठाऊक होतं. ‘शेवटच्या चाचणीस गैरहजर विद्यार्थी गणनेतून वगळले आहेत.’ शब्दसुद्धा तेच.

“मी तुम्हाला तेव्हा विचारलं होतं,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज आता चिरकला होता. “विचारलं होतं, ताई, ही गैरहजर मुलं कोण? तुम्ही म्हणालात, त्यांच्या मागे जायचं नसतं. आपण मोजणारे आहोत, पोलीस नाही. मी लिहून ठेवलंय वहीत, दाखवू?”

दाखवायची गरज नव्हती. थोरलीला एक शाळा आठवली. चाचणी सुरू असताना ती पाणी प्यायला मागच्या बाजूला गेली होती. टाकीपाशी सात मुलं रांगेत बसली होती, दप्तरं मांडीवर घेऊन. मुख्याध्यापक घाईघाईनं मागून आले आणि हसत म्हणाले, “ही आज झाडांना पाणी घालायला आहेत.” झाडं वीतभर होती आणि मुलं सात. तीही हसली होती. मग आत जाऊन तिनं त्यांचा चहा घेतला होता आणि संध्याकाळी तक्त्यात सात जागी ‘गैरहजर’ लिहिलं होतं. तेव्हा तिचं वय अठ्ठावीस होतं आणि तो अहवाल चांगला व्हावा अशी तिची फार इच्छा होती.

“आणि खारू?” तिनं विचारलं. “पोटच्या पोरीच्या चिठ्ठीवर सही करताना काही वाटलं नाही?”

धाकटी खुर्चीत बसली. “वाटलं ना. लाज वाटली. फोटो माझा पेपरात, आणि मुलगी लाल. लोक काय म्हणतील? म्हणून केली सही.” तिनं डोळे पुसले. “आणि खरं ऐकायचंय? ती तुमच्यापाशी वाचते. माझ्यापुढं पुस्तक धरलं की तिचं तोंड मिटतं. दारातून बघते मी, तुमच्या मांडीला टेकून कशी बोलते ती. जळते मी तुमच्यावर. तुम्हाला वाटतं, जळणं तुमचीच मक्तेदारी आहे.”

थोरलीच्या हातातली सुरी तशीच राहिली. आपल्याजवळ कुणाला हेवा वाटावा असं काही आहे हे तिला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. “हे बघा,” त्या म्हणाल्या, “घरातलं घरात ठेवा. थोरले, तू सही करून टाक. जगात सगळे असंच करतात. उगाच चव्हाट्यावर नको.”

थोरलीनं भाजीशेजारचा पिवळा अहवाल उचलून आपल्या खोलीत नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली कामाला निघाली तेव्हा खारू घरच्याच कपड्यांत गॅलरीत बसून शाळेत जाणारी मुलं बघत होती. आज वाचनाची चाचणी होती, बारा वाजता.

अकराला बैठक सुरू झाली. लांब टेबल, सहा माणसं, प्रत्येकापुढं पाण्याचा पेला. साहेबांनी अहवाल थोरलीकडे सरकवला आणि आपलं पेन काढून दिलं.

“मी सही करणार नाही,” थोरली म्हणाली.

तिनं आकडे सांगितले. एक हजार आठशे बेचाळीस, एक हजार तीनशे एक्याण्णव, चारशे एक्कावन्न, चारशे सतरा. साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण त्यांना घोळ आवडत नसे.

“ताई, गैरहजेरी सगळीकडेच असते,” ते म्हणाले. “आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गेली काही वर्षं तुमच्या दोघींमधलं आम्ही बघतोय. जावाजावांचं भांडण ऑफिसात आणू नये.”

कुणीतरी खाकरलं, कुणी टेबलाखाली पाय हलवला. थोरलीचा चेहरा तापला. साहेब खोटं बोलत नव्हते. तिनं तो खडा हेव्यानंच शोधला होता, हे तिला कबूल होतं. समोर धाकटी खाली मान घालून बसली होती. एक वाक्य थोरलीच्या अगदी जिभेवर होतं: हिला विचारा, हिची स्वतःची मुलगी आज कुठं आहे. एवढं म्हटलं की खेळ खलास. काल दुपारपासून ते वाक्य ती मनात घोळवत होती.

तिनं पिशवीतून आपला जुना पिवळा अहवाल काढला आणि धाकटीच्या अहवालावर ठेवला.

“भांडण म्हणता ना? मग आधी माझा मागे घ्या,” ती म्हणाली. “टीव्हीवरचे धडे. यात दोनशे सहा मुलं अशीच वगळली आहेत. त्यांतली सात मी डोळ्यांनी पाहिली होती, पाण्याच्या टाकीपाशी बसवलेली. मी गप्प राहिले. हिला हे मीच शिकवलं. ही टीप माझी आहे, तिनं फक्त उतरवून घेतली. लेखी दिलंय मी, सोबत जोडलंय. माझं मानपत्रही परत करते. पण या मुलांची चाचणी झाल्याशिवाय हा अहवाल छापू नका. साठ शाळांतल्या वाचनताई त्यातल्या शिफारशीच्या एका ओळीवर घरी जाणार आहेत.”

साहेब दोन्ही अहवालांकडे बघत राहिले. “वीस-बावीस वर्षांपूर्वीचं कशाला उकरून काढताय? तुमचंच नाव जाईल,” ते म्हणाले. “आपण हे नंतर बोलू.”

“नंतर नको साहेब,” धाकटी म्हणाली.

ती उभी राहिली होती. “माझी मुलगी आज घरी आहे. तिला काहीही झालेलं नाही. तिच्या शाळेत हाच टॅब आहे, ती लाल आहे, म्हणून शाळेनं तिला चाचणीला येऊ नको म्हणून सांगितलं. आणि मी सही केली. मला विचाराल ती चारशे सतरा मुलं कोण, तर ती अशी मुलं आहेत.” तिनं आपला अहवाल थोरलीच्या अहवालाखालून ओढला आणि शेवटच्या पानावरची स्वतःची सही खोडली. “आता यावर एकही सही नाही. मला जायचंय. बाराला वाचनाची चाचणी आहे.”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. साहेबांचा पेला हातातच राहिला होता. आणि थोरलीला, एवढं सगळं झाल्यावरही, आत कुठंतरी झोंबलंच. खरं बोलायला सुरुवात आपण केली, नोकरी पणाला आपण लावली, आणि सगळं ऑफिस ऐकतंय हिचं. या बाईला कबुली देणंसुद्धा आपल्यापेक्षा चांगलं जमतं! मग तिचं तिलाच हसू आलं. ती उठली आणि धाकटीच्या मागोमाग बाहेर पडली.

“मी पण येते,” ती म्हणाली.

“या ना. रिक्षा बघा तोवर, मी आईंना फोन करून तिला गणवेश घालायला सांगते.”

शाळेच्या फाटकावर वर्गशिक्षिका हातात कागद घेऊन उभ्या होत्या. गणवेशातली खारू पाहून त्या गडबडल्या. “अहो, हिची रजा आहे ना? चिठ्ठी आहे माझ्याकडे, तुमचीच सही आहे.”

“ती चिठ्ठी परत द्या,” धाकटी म्हणाली.

“असं मध्येच नाही हो चालत. वरून सांगितलंय. मला तरी काय हौस आहे का? वर्गाची सरासरी खाली आली की मला जाब विचारतात. मुलाचं नाव कुणी विचारत नाही, सरासरी विचारतात.”

त्या बाई खोटं बोलत नव्हत्या. थोरली पुढं झाली. “मग एक करा बाई. हिला वर्गात घ्यायला आम्ही नकार देतो, असं या कागदावर लिहून द्या. खाली सही करा. आम्ही जातो.”

बाईंनी कागदाकडे पाहिलं, खारूकडे पाहिलं. मग त्या फाटकातून बाजूला झाल्या.

दोघी जावा बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. चाळीस शब्दांचा कागद, समोर मोजणारा माणूस आणि घड्याळ, अशी ती चाचणी होती, आणि ती कशी असते हे त्या दोघींइतकं त्या शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. तरी धाकटीचे हात थंड पडले होते. थोरलीनं ते आपल्या हातात घेतले नाहीत. तेवढं अजून जमण्यासारखं नव्हतं. ती फक्त थोडी जवळ सरकून बसली.

अर्ध्या तासानं खारू बाहेर आली. पळतच आली.

“मला अकरा आले!”

“अकरा?” धाकटी म्हणाली. अकरा म्हणजे किती कमी, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं! पण मुलीच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

“हो! त्या काकांनी माझ्या नावासमोर लिहिलं. अकरा. गेल्या वर्षी तिथं काहीच नव्हतं.” मग बोटं मोजत ती म्हणाली, “चाळीसमधले अकरा गेले. राहिले एकोणतीस. आई, ते मला कोण शिकवणार?”

धाकटीनं खारूकडे पाहिलं, मग थोरलीकडे. “मोठी आई शिकवेल तुला,” ती म्हणाली. “तुझं तिच्यापाशी जमतं.”

बावीस वर्षांत थोरलीला कुणी दिलं नव्हतं असं काहीतरी त्या वाक्यात होतं. धाकटीनं ते स्वतःच्या हातानं दिलं होतं. थोरलीला ते घ्यावंसं वाटलं, फार वाटलं. खारूला मांडीशी घेऊन रोज दुपारी वाचायला बसायचं, आणि वर्षाअखेरीस सगळ्यांना दाखवून द्यायचं.

“शिकवीन की,” ती म्हणाली. “पण हिला घरात मोठी आई आहे. बाकीच्या दहा जणांना कोण आहे?”

धाकटी उठली. खारूचं दप्तर तिनं खांद्याला लावलं आणि दोघी पुन्हा फाटकाकडे वळल्या. वर्गशिक्षिका अजून तिथंच होत्या. चाचणी साडेतीनपर्यंत चालणार होती आणि आत्ता एक वाजायला आला होता.

“बाई,” धाकटी म्हणाली, “रजेवरच्या त्या दहा मुलांचे पत्ते द्या. आम्ही घेऊन येतो त्यांना.”

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग पेन काढलं, रजेच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर भराभर पत्ते लिहायला सुरुवात केली. त्यांना एकही पत्ता वहीत बघावा लागला नाही.